दम्यात श्वासनलिकेचे स्नायू फक्त आवळतात, की सूज वाढवण्यातही त्यांचा हात असतो?

हात असतो, आणि चांगलाच असतो. पूर्वी असं मानायचे की सूज आणतात त्या इओसिनोफिल, मास्ट सेल वगैरे इम्यून पेशी आणि स्नायू फक्त सिग्नल आला की आवळतो, पण लॅबमध्ये या स्नायूपेशी वाढवून त्यांना टीएनएफ-अल्फा किंवा आयएल-१३ (शरीरातले सूज वाढवणारे सिग्नल) दिलं तर त्या स्वतःच केमिकल सोडायला लागतात, इओटॅक्सिनमुळे इओसिनोफिल खेचले जातात, आयएल-८ मुळे न्यूट्रोफिल या दुसऱ्या इम्यून पेशी, आणि वरून आयकॅम, व्हीकॅम अशी चिकट प्रोटीन पृष्ठभागावर आणतात म्हणजे आलेल्या पेशी तिथेच धरून ठेवल्या जातात.

मला सगळ्यात पटलेला पुरावा २००२ चा, इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टीमचा. दम्याच्या पेशंटच्या स्नायूच्या थरातच मास्ट सेल घुसलेल्या दिसल्या, पण इओसिनोफिलिक ब्राँकायटिसमध्ये, जिथे सूज तशीच असते पण नळ्या आवळत नाहीत, तिथे त्या जवळपास नव्हत्याच. नंतर कळलं की त्यांना बोलावणारं सीएक्ससीएल-१० हे केमिकल स्नायूच सोडतो, मग मास्ट सेल हिस्टामिन सोडून त्याच स्नायूला आवळायला लावतात, असं चक्र चालू राहतं.

म्हणून प्लीज नुसत्या सालब्युटामॉलच्या पंपावर राहू नका, त्याने स्नायू काही तास सैल होतो पण सूज आहे तिथेच राहते. २०१९ पासून जीना (GINA) या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या गाइडलाइनमध्येही एकटं सालब्युटामॉल नको, सोबत सूज कमी करणारं इनहेल्ड (श्वासातून घ्यायचं) स्टेरॉइड हवंच असं सांगितलंय, डॉक्टरांशी त्याबद्दल नक्की बोला.