वाचकांचे प्रश्न: लॅबमधली क्लास फाईल घरी का रुसते?

प्रश्न: सर, मी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवलंय की जावात प्रोग्राम एकदा लिहिला की कुठेही चालतो. मी लॅबमध्ये प्रोग्राम कंपाइल केला, नुसती क्लास फाईल पेनड्राइव्हवर घालून घरी आणली आणि बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर चालवली तर ही लांबलचक एरर, त्यात ६१.० आणि ५२.० असे आकडे. तिथेही विंडोज, इथेही विंडोज, मग अडलं कुठे?
- एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर: बाय, आकडे लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस. बरेच जण "चालत नाही" एवढंच लिहितात, मग मी काय पंचांग उघडून बघू?

त्या दोन्ही आकड्यांतून ४४ वजा कर. ६१ चे झाले १७ आणि ५२ चे झाले ८. म्हणजे लॅबमध्ये जावा १७ आहे आणि घरी जावा ८, २०१४ सालची, बहुतेक बाबांनी कधीतरी इन्कम टॅक्सचा फॉर्म भरायला टाकली असणार आणि तशीच राहिली.

आता हे का होतं ते सांगतो, थोडं लांबेल. तू जे लिहितेस ते जावासी नावाचा कंपायलर बाइटकोडमध्ये बदलतो, तीच तुझी क्लास फाईल, आणि हा बाइटकोड कुठल्याच खऱ्या प्रोसेसरची भाषा नाही, ना इंटेलची ना मोबाईलमधल्या चिपची. ती जेव्हीएमची, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीनची भाषा. आपल्याकडे जत्रेला नाटक असतं ना, तसं समज. संहिता एकच, ती पेडण्यातल्या गावात होते आणि सत्तरीतल्या गावातही होते, लिहिणाऱ्याला कुठला मांडव केवढा आणि पडदा कुठून ओढतात याची काही फिकीर नसते, ते त्या त्या गावची मंडळी बघतात. ही गावची मंडळी म्हणजे जेव्हीएम. विंडोजचं वेगळं, लिनक्सचं वेगळं, मॅकचं वेगळं. तेव्हा "कुठेही चालतो" हे प्रोग्रामबद्दल खरं आहे, पण खुद्द जेव्हीएम मात्र प्रत्येक ठिकाणी त्या ठिकाणचंच लागतं, आणि हे वर्गात कोणी नीट सांगत नाही असा माझा अनुभव.

तुझ्या केसमध्ये मांडव आहे, मंडळी आहे, पण संहिता नव्या पद्धतीने लिहिलेली आणि मंडळी जुनी. क्लास फाईलच्या सुरुवातीलाच एक ठरलेली खूण असते (हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत, उघडलीस तर चक्क 'कॅफे बेब' अशी अक्षरं दिसतात, करणाऱ्यांची गंमत) आणि तिच्या लगेच पाठोपाठ व्हर्जनचा आकडा. जेव्हीएम तो आधी बघतं आणि आपल्यापेक्षा नवा असला तर पुढची ओळसुद्धा वाचत नाही. उलटं मात्र चालतं, जावा ८ वर केलेली फाईल १७ वर आरामात चालेल.

उपाय दोन. घरी १७ किंवा त्यापुढची जेडीके, म्हणजे प्रोग्राम बनवायची पूर्ण सामग्री, टाक, हाच बरा, कारण कंपायलर जेडीकेमध्ये असतो आणि बाबांच्या लॅपटॉपवर नुसती जेआरई, म्हणजे फक्त चालवायची सोय, असेल तर तुला घरी कंपाइल करताच येणार नाही. ओपनजेडीके फुकट मिळते. नाहीतर लॅबमध्ये कंपाइल करताना दोन डॅश, रिलीज आणि ८ असं सांग, मग ती फाईल ५२ ची बनेल, फक्त ८ नंतर आलेलं काही वापरलं असशील तर कंपायलर तिथेच अडवेल.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी. जेव्हीएम बाइटकोड सुरुवातीला एकेक सूचना वाचत चालवतं, प्रॉम्प्टरने विंगेतून वाक्य पुरवावं आणि नटाने म्हणावं तसं. पण एखादं मेथड, म्हणजे प्रोग्राममधलं नाव दिलेलं एक काम, पुन्हा पुन्हा येतंय असं दिसलं की ते थेट मशीनच्या भाषेत करून ठेवतं, म्हणजे तेवढे संवाद पाठ झाले, तिथे प्रॉम्प्टर नको. याला जेआयटी, म्हणजे जस्ट-इन-टाइम, म्हणतात. म्हणून जावाचा प्रोग्राम चालू होताना सुस्त वाटतो आणि मग वेग घेतो.

आणि हा सगळा खटाटोप कशाला? १९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि मंडळींनी हे काम काढलं तेव्हा डोळ्यांसमोर घरातली उपकरणं होती, टीव्हीच्या डब्यासारखी, आणि त्यात प्रत्येकाची चिप वेगळी. प्रत्येक चिपसाठी पुन्हा कंपाइल कोण करत बसणार? तेव्हा भाषेचं नाव ओक होतं, जावा हे नाव १९९५ चं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. नात जावा शिकते, घरात सारखं क्लास आणि ऑब्जेक्ट ऐकतो. हे काय असतं? आणि जावास्क्रिप्ट तेच का?
- एक आजोबा, फोंडा

उत्तर: आजोबा, दुसरं आधी. नाही, तेच नव्हे. जावास्क्रिप्ट नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीत ब्रेंडन आइकने केली, आणि त्या वेळी जावाचा बोलबाला होता म्हणून नावात जावा घातलं, बाकी नातं नाही.

क्लास म्हणजे फेरीबोट कशी असते याचा आराखडा. रायबंदर-चोडणची बोट हे एक ऑब्जेक्ट, पणजी-बेतीची दुसरं. आराखडा एक, पण बोटीवर आत्ता किती गाड्या आहेत हा आकडा प्रत्येकीचा आपला. आणि तो आकडा बाहेरच्या कोणी बदलायचा नाही, रॅम्पवरच्या माणसाकडून गाडी चढली तरच वाढणार, तो जागा संपली म्हटला की संपली. म्हणून तो आकडा प्रायव्हेट ठेवतात आणि 'गाडी चढव' हे मेथड सगळ्यांना खुलं. आता चोडणला रो-रो ही नवी फेरीबोट आली, तिचा आराखडा पहिल्यापासून कशाला लिहायचा, फेरीबोटीचाच घेऊन वेगळं तेवढं घालायचं, याला नात इनहेरिटन्स म्हणत असेल.

प्रश्न: उलटसुलट सारखाच असलेला शब्द ओळखायचा प्रोग्राम केला. इंग्रजी शब्द ओळखतो, पण 'रामाला भाला मारा' दिलं (मधल्या जागा काढून) तर 'नाही' म्हणतो!
- म्हापसा

उत्तर: तुमचा प्रोग्राम बरोबरच आहे, तो अक्षरं मोजत नाही एवढंच. जावाचा 'चार' (कॅरेक्टरचा, आकडा नव्हे) म्हणजे १६ बिटांचा एक तुकडा, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, 'रा' चे दोन तुकडे, र आणि काना. उलटं केलं की काना आधी येतो आणि र मागून, मग जुळणार कसं? तुमच्या गावाचं नाव देऊन लेंग्थ, म्हणजे लांबी, विचारा, आपल्याला तीन अक्षरं दिसतात, जावा ७ सांगेल: म, हलन्त, ह, काना, प, स, काना. आधी ब्रेकइटरेटर नावाच्या क्लासने अक्षरं सुटी करा आणि मग त्यांची यादी उलटी करा. आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर प्रोग्राम बदलत बसू नका, आउटपुट फाईलमध्ये यूटीएफ-८ ने (युनिकोड साठवायची एक पद्धत) लिहा आणि नोटपॅडमध्ये उघडा.