मित्राने घरी बनवलेली बिअर चाखायला दिली, तर खरं मत कसं सांगावं?

तुम्ही लिहिलंय की होमब्रूइंग करणाऱ्यांच्या एका गटात नुकतेच जायला लागलात. दर भेटीत कोणी ना कोणी आपली बाटली पुढे करून "कशी झालीय?" विचारतं आणि तुमच्या तोंडून "छान आहे"पलीकडे काही निघत नाही. काही खटकलं तरी समोरच्याला वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प बसता. मी बरीच वर्षं घरी बिअर बनवतोय आणि इतरांची चाखतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"छान आहे" हे ऐकायला त्याने बाटली आणलेलीच नसते. एक अख्खा दिवस मॅशिंग (भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवणं) आणि उकळण्यात गेलेला असतो, पुढचे काही आठवडे फर्मेंटरकडे, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्याकडे बघण्यात. मधल्या काळात त्याने ती बिअर इतक्यांदा चाखलेली असते की त्याची जीभ तिला सरावलेली असते. त्याला तुमची जीभ उसनी हवी असते. तोंडदेखलं कौतुक त्याला बरोबर ओळखू येतं आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला विचारायचंच सोडून देतो.

पण गप्प बसणाऱ्यापेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्या टोकाच्या माणसाची. त्याने दोषांची यादी नुकतीच पाठ केलेली असते आणि पहिल्याच घोटाला निकाल देऊन तो मोकळा होतो. आमच्या गटात एकाने अंबर एल आणली होती. एक घोट घेऊन शेजारचा म्हणाला, "डायॲसिटिल आहे, फर्मेंटेशन लवकर थांबवलंस." डायॲसिटिल म्हणजे आंबताना यीस्ट सोडतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेतं तो लोण्याच्या वासाचा घटक. बनवणारा बिचारा तापमानाच्या नोंदी आठवू लागला. मग दुसऱ्या एकीने ग्लास हातात धरून थोडा गरम होऊ दिला, पुन्हा वास घेतला आणि विचारलं, "क्रिस्टल माल्ट किती घातलंस?" (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य; क्रिस्टल माल्टमधली साखर भाजून टॉफीसारखी झालेली असते.) बरंच घातलं होतं. तो लोण्याचा वास नव्हताच, भाजक्या साखरेचा होता. डायॲसिटिलचा वास कृत्रिम लोणी लावलेल्या पॉपकॉर्नसारखा येतो आणि जास्त असेल तर जिभेवर बुळबुळीत थर बसल्यासारखं वाटतं. क्रिस्टल माल्टच्या टॉफीला तो थर नसतो, उलट मागे थोडी भाजल्याची चव राहते. पहिल्याचं ऐकून त्याने पुढची बॅच आठवडाभर जास्त फर्मेंटरमध्ये ठेवली असती आणि चव तशीच निघाली असती.

म्हणून माझं सांगणं एवढंच: ग्लासात काय आहे ते आधी सांगा, ते का आहे ते नंतर, आणि तेही चार प्रश्न विचारून झाल्यावर. "मला शिजवलेल्या मक्याचा वास येतोय" यावर भांडण होत नाही, कारण तो तुमच्या नाकाचा अनुभव आहे. "तू झाकण ठेवून उकळलंस" हा आरोप आहे, आणि तो चुकीचाही असू शकतो.

आता चाखायचं कसं. अर्धा ग्लासही नको, ६०–९० मिलिलिटर पुरे. ग्लासच्या वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो, ती जागा हवी. ओतल्या ओतल्या, फेस बसायच्या आत नाक घाला. काही वास पहिल्या अर्ध्या मिनिटात येतात आणि उडून जातात. दीर्घ श्वास घेऊ नका, दोन-तीन छोटे हुंगे घ्या. नाक थकलं तर स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घ्या. वेड्यासारखं दिसतं, पण उपयोग होतो. फ्रिजमधून थेट काढलेली बिअर ४ अंशांच्या आसपास असते आणि त्या थंडीत निम्मे दोष लपतात. लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर) असेल तरी तळहातात धरून जरा वर येऊ द्या, एल (त्याहून उबदार तापमानात आंबवलेली) असेल तर १०–१२ अंशांपर्यंत. बुडबुडे ग्लासच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही; फेस टिकत नाही म्हणून बिअरला दोष देण्याआधी तो बदला. साध्या, हलक्या बिअर आधी, कडू आणि कडक नंतर. खूप हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घातलेल्या आयपीए या कडू एलनंतर कोणाचीही साधी बिअर पाणचट लागते, त्यात तिचा काय दोष?

आणखी एक, कारण हे हमखास घडतं: अंगणात, उन्हात बसून चाखू नका. हॉप्समधून आलेले कडू घटक आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) यांच्यावर प्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतं. कडक उन्हात ग्लासातली बिअर काही मिनिटांत बिघडते. मग तुम्ही म्हणणार, "उग्र वास येतोय," आणि तो बिचारा घरी जाऊन फर्मेंटर घासत बसणार. तपकिरी काच यापासून बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच.

ग्लासाइतकीच बाटलीही बोलते. उघडण्याआधी बिअर गळ्यात कुठपर्यंत भरलीय ते पाहा. फार खाली असेल तर आत हवा जास्त, म्हणजे ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव लवकर यायची शक्यता जास्त. गळ्याच्या आतल्या बाजूला पांढरट कडं दिसलं तर जंतुसंसर्गाचा संशय घ्या, पण फक्त संशय. आणि उघडताच कारंजं उडालं तर चवीचं राहू द्या, आधी त्याला सांगा की उरलेल्या बाटल्या आजच फ्रिजमध्ये टाक, कारण जास्त दाब झालेली काच फुटते आणि डोळ्याला लागू शकते. ही एक गोष्ट मी कुठलीही भीड न ठेवता सगळ्यांसमोर सांगतो. कारण शोधायचंच असेल तर त्याला एका बाटलीतला गॅस हलवून हलवून पूर्ण काढायला सांगा आणि हायड्रोमीटरने घनता मोजायला लावा; साखर आंबत जाते तशी ती उतरते. बाटलीत भरताना घनता १.०१२ होती आणि आता १.००५ दाखवतेय, तर आत काहीतरी आंबत राहिलं: एकतर फर्मेंटेशन संपायच्या आत भरली, नाहीतर भलतंच यीस्ट किंवा जंतू शिरलेत. आकडा जवळपास तोच असेल तर बहुधा गॅससाठी बाटलीत भरताना घालतात ती साखरच जास्त पडली.

"तू काय बनवायला गेला होतास?" हे कधी विचारायचं, यावर आमच्यात कायम वाद असतो. काही जण आधी विचारतात. मी आधी न विचारता चाखतो, दोन ओळी लिहितो आणि मग विचारतो, कारण नाव कळलं की नाक तेच शोधायला लागतं. पण मत देण्याआधी मात्र विचारलंच पाहिजे. केळं आणि लवंग यांचा वास जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हवाच असतो. नसेल तर बनवणारा खट्टू होईल. तोच लवंगेचा वास पेल एलमध्ये आला तर भलतंच यीस्ट कुठून तरी घुसलंय, बहुतेक आधीच्या बॅचच्या नळीतून.

लवंगेच्या शेजारचाच एक वास नीट ओळखायला शिका: बँडेज, दवाखाना, गरम झालेलं प्लॅस्टिक. दोन्ही फिनॉल नावाच्या रसायनांच्या कुळातलेच, पण हा कुठल्याच शैलीत चालत नाही आणि याचं कारण बऱ्याचदा यीस्टमध्ये नसून पाण्यात असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन, नाहीतर भांड्यात राहिलेलं ब्लीच, माल्टमधल्या फिनॉलशी जुळतं आणि क्लोरोफिनॉल तयार होतं. क्लोरीन उकळून बऱ्यापैकी जातं, क्लोरामाइन सहजी जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची गोळी, म्हणजे कॅम्पडेन, मॅशिंगच्या आधी पाण्यात विरघळवली की दोन्ही काही मिनिटांत निकामी होतात. साधारण ७५ लिटरला एक गोळी पुरते. इथे मी पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा आणि भांडी कशाने धुतली याचा. कारण इतकं स्वस्त आणि सोपं उत्तर हातात असताना कोणी यीस्टची पाकिटं बदलत बसू नये.

बाकीचे नेहमीचे यशस्वी कलाकार थोडक्यात. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. बहुतेक वेळा बिअर कोवळी असते, यीस्टवर आणखी काही दिवस राहिली असती तर गेला असता. शिजवलेला मका किंवा कोबी म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) हे गंधकाचं संयुग. फिकट माल्ट, झाकण ठेवून किंवा मंद उकळणं, सावकाश थंड करणं, यांपैकी काहीतरी. घशात दारूसारखी गरम झोंबणी आली तर आंबताना तापमान वर गेलं होतं का विचारा. चहा जास्त उकळल्यासारखा तुरटपणा असेल तर धान्य धुतानाचं पाणी फार गरम होतं का, त्याचा पीएच चढला होता का. आणि खरंच लोण्याचा वास असेल, तो थरही असेल, तर लागरवाल्याला विचारा की शेवटी दोन-तीन दिवस १६–१८ अंशांवर ठेवली होती का. पुढच्या वेळी बाटलीत भरण्याआधी त्याला घरीच तपासता येतं: दोन झाकलेल्या पेल्यांत थोडी बिअर घ्यायची, एक पेला ६०–७० अंशांच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, मग दोन्ही सारख्या थंड करून हुंगायच्या. गरम केलेल्यात लोणी आलं तर यीस्टचं काम अजून बाकी आहे.

स्वतःच्या नाकाच्या मर्यादाही माहीत हव्यात. डायॲसिटिल अजिबात न जाणवणारी माणसं असतात आणि त्यांत उत्तम बिअर बनवणारेही असतात. आपलं नाक कुठे आंधळं आहे हे कळायला त्रिकोणी चाचणी बरी: तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कुठली ते न बघता ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा जमलं की हुरळून जाऊ नका, पुन्हा करा. सरावासाठी हिरव्या बाटलीतल्या एकाच लागरच्या दोन बाटल्या आणा. एक दिवसभर उन्हात, एक अंधारात. शेजारी शेजारी थंड करून हुंगल्यावर तो वास परत कधी विसरणार नाही. तसंच एक बाटली काही आठवडे उबदार जागी आणि तिची जोडीदार फ्रिजमध्ये ठेवली की शिळेपणा कळतो.

गटात चाखताना आधी लिहा, मग बोला. एकदा कोणी मोठ्याने "पुठ्ठा!" म्हणालं की सगळ्यांना पुठ्ठाच लागायला लागतो. कागदाचा सांगाडा हवा असेल तर १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक संस्थेचा तक्ता वापरा. ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण मताला १०. क्रम उत्तम आहे, काही सुटत नाही. गुण मात्र मित्रांना देऊ नका. २९ म्हटलं की तो उरलेले २१ कुठे गेले याचाच हिशोब करत बसतो आणि तुम्ही लिहिलेलं वाचतच नाही. स्पर्धेला पाठवणार असेल आणि स्वतःहून मागितले, तर द्या, आणि मग हात आखडू नका.

वाईट वाटण्याबद्दल. पहिलीच बॅच घेऊन आलेल्याला मी एकच गोष्ट सांगतो, जी बदलल्याने सगळ्यात जास्त फरक पडेल, आणि ती बहुतेक वेळा तापमान किंवा स्वच्छता यांतलीच असते. सात दोष सांगितले तर तो सातही विसरेल आणि किट माळ्यावर टाकेल. काय जमलंय तेही त्याच नेमकेपणाने सांगा: "छान फेस" नको, "फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला" म्हणा. संसर्ग झालेली बॅच असेल तर बाजूला घेऊन सांगतो. आणि "फेकून दे" असं मी म्हणत नाही. "मी दुसरा ग्लास घेणार नाही" म्हणतो, ते पुरतं.

सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच असतो, आणि तो तुमच्यावर लवकरच येईल. बिअरमध्ये दोष काही नाही, पण प्यावीशीही वाटत नाही. इथे "छान आहे" फार चटकन तोंडात येतं. त्याऐवजी घोट गिळल्यावर काय उरतं ते सांगा. गोडवा रेंगाळत असेल तर शेवटची घनता विचारा, १.०२० वर थांबली असेल तर पुढच्या वेळी मॅशिंग ६८ ऐवजी ६५ अंशांवर करून बघ म्हणा. काहीच उरत नसेल तर कार्बोनेशन, म्हणजे बिअरमधला गॅस, कमी आहे का ते पाहा. तेवढ्यानेही बिअर झोपल्यासारखी वाटते. हॉप्स नुसते कडू लागत असतील आणि वास नसेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत किती घातले ते विचारा. आणि यातलं काहीच नसेल तर त्यालाच विचारा की तुला स्वतःला यात काय कमी वाटतंय. बऱ्याचदा त्याच्याकडे उत्तर तयार असतं, फक्त इतरांनाही ते जाणवतंय का, एवढंच त्याला बघायचं असतं.