मुलाच्या गालावरच्या पांढुरक्या डागांना डॉक्टरांनी ‘पिटिरियासिस अल्बा’ लिहिलंय. हे कोडच ना?

नाही, हे कोड नव्हे, आणि ते लागटही नाही. नागपुरात त्वचारोगाच्या ओपीडीत काम करते, मे महिन्यात असे गाल रोज दिसतात: डाग फिकट, कडा पुसट, वर बारीक कोंडा. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, कडा ठळक, कोंडा नाही. हे डाग बहुतेकदा कोरड्या त्वचेवर येतात आणि आजूबाजूची कातडी उन्हाने रापली की जास्त उठून दिसतात. जंत किंवा कॅल्शियमची कमी समजून पोराला उगाच औषधं पाजू नका! साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हात टोपी घाला. रंग भरायला काही महिने लागतातच. मात्र डागावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या, सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत.