सड्यावरची नोंदवही

प्रश्न : मुलगी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. आपल्याच भागात निसर्गसंवर्धनाचे संशोधन करायचे तिच्या मनात आहे. पुढची वाट कोणती? – एक पालक, पाटण

उत्तर : पदव्युत्तर शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहेच, शिवाय कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठही जवळ आहे, मात्र पदवीपेक्षा एकाच जागेची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंदवही अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर (खडकाळ पठारावर), जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत आणि पावसाळी डबक्यांत, वायतुरा ही वनस्पती उगवते. ती कोणत्या आठवड्यात फुलली, हे तिने दरवर्षी टिपावे (गर्दीच्या रविवारी नव्हे). पुढे संवर्धनाच्या कामाचे नेतृत्व आले की निम्मा वेळ बैठकांत जातो, कारण २०१० सालचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प चार जिल्ह्यांत पसरलेला असून गावकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलावे लागते.