‘कायदेशीर करा’ म्हणजे नेमकं काय करा?

वेश्याव्यवसायाच्या कायद्यांविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या वेळी या सदरात म्हटलं आणि पत्रांचे सरळ दोन ढीग झाले. एका ढिगात ‘एकदाचं कायदेशीर करून टाका’, दुसऱ्यात ‘असं म्हणवतं तरी कसं?’ मधलं पत्र विरळाच. त्यांतले सात प्रश्न निवडले आहेत. काहींची भाषा जरा आवरती घेतली आहे, आशय तोच ठेवला आहे.

प्रश्न : हा धंदा कुठल्याच राजाला, कुठल्याच सरकारला बंद करता आलेला नाही. मग कायदेशीर करून मोकळं का होऊ नये? (एक निवृत्त शिक्षक)

सर, तुमच्या ‘कायदेशीर’ या एका शब्दाच्या पोटात निदान दोन अगदी वेगळ्या व्यवस्था आहेत आणि निम्मा वाद त्या न ओळखल्यामुळेच होतो.

पहिली परवान्याची. सरकार कुंटणखान्याला परवाना देतं, जागा ठरवतं, नियम घालतं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात काही काउंट्यांमध्ये असं आहे. गंमत म्हणजे लास व्हेगास ज्या काउंटीत येतं तिथे मात्र नाही. पर्यटकांचा समज उलटाच असतो. नेदरलँड्सने 2000 साली कुंटणखान्यांवरची बंदी उठवली आणि जर्मनीने 2002 साली या व्यवहारातली मजुरी कोर्टात मागता येईल असा कायदा केला.

दुसरी गुन्हामुक्तीची. न्यूझीलंडच्या संसदेने 2003 साली 60 विरुद्ध 59 मतांनी, म्हणजे अक्षरशः केसाच्या अंतराने, ती स्वीकारली. सज्ञान माणसांमधला राजीखुशीचा व्यवहार तिथे फौजदारी कायद्याच्या बाहेर गेला. कामगारांच्या आरोग्याचे, सुरक्षिततेचे जे कायदे इतर धंद्यांना लागू होते तेच इथेही आले. डोक्यावर मालक नसेल तर चार जणींपर्यंत एकत्र काम करायला परवाना लागत नाही. जिथे मालक आहे तिथे प्रमाणपत्र मालकाला काढावं लागतं, बाईला नाही. हा फरक दिसतो बारीक, पण पुढच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

याशिवाय तिसरी वाट स्वीडनची. 1999 पासून तिथे विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. तिच्याविषयी खाली वेगळा प्रश्न आहे.

आणि मग उरतो तो गोंधळ, जो बहुतेक देशांत दिसतो. इंग्लंडमध्ये काय किंवा भारतात काय, पैसे घेऊन संबंध ठेवणं हा मुळात गुन्हा नाही, पण त्याच्या अवतीभवतीचं जवळपास सगळं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये दोघींनी सोबत असावी म्हणून एकाच घरात काम केलं तर कायद्याच्या लेखी ते घर कुंटणखाना ठरतं. म्हणजे एकटी राहिली तर कायद्यात बसते, सोबत घेतली तर गुन्ह्यात अडकते.

म्हणून मी कुठल्याही कायद्याला एकच प्रश्न आधी विचारते : रात्री गिऱ्हाइकाचा मार खाल्लेली बाई सकाळी बिनधास्त पोलिसांत जाऊ शकते का?

प्रश्न : परवाना आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी केली तर रोगराई तरी आटोक्यात येईल ना? (एक परिचारिका)

हा उपाय करून झालेला आहे. इंग्लंडमध्ये 1864 साली सांसर्गिक रोगांचा कायदा आला. सैनिकांना गुप्तरोग होत होते, म्हणून छावण्यांच्या गावांत पोलिसांनी ‘वेश्या’ ठरवलेल्या बायकांची सक्तीने तपासणी करायची आणि रोग निघाला तर त्यांना इस्पितळात डांबायचं. 1868 साली हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. सैनिकांची तपासणी? ती नव्हती. रोग दोघांना होतो, पण तपासायचं एकीलाच, हे त्या कायद्याच्या कर्त्यांना खटकलं नाही. जोसेफिन बटलर या बाईंनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 1886 साली तो कायदा रद्द झाला. हिंदुस्थानातला 1888 साली.

तुम्ही परिचारिका आहात, त्यामुळे पुढचं तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. आजची चाचणी कालच्या संसर्गाबद्दल बोलत नाही, आणि खिशातलं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला निरोधाला नकार द्यायला निमित्त पुरवतं. नेवाडात आठवड्याची नि महिन्याची चाचणी सक्तीची आहे, पण त्याच्या जोडीला 1988 पासून निरोधही सक्तीचा आहे. तिथल्या चांगल्या आकड्यांचं श्रेय यांतल्या कशाला किती, हे वेगळं काढणं कठीण.

शिक्षेची भीती काढली की काय होतं, याची मात्र एक विलक्षण नोंद आहे. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंड राज्यात 1980 साली कायदा बदलताना एक फट राहून गेली आणि बंद दारामागचा व्यवहार गुन्ह्यातून सुटला. कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. 2003 साली न्यायालयात ते उघड झालं आणि 2009 साली फट बुजवली गेली. मधल्या काळाचा अभ्यास करणाऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांना स्त्रियांमधल्या परम्याच्या रुग्णांत सुमारे 39 टक्के घट आढळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2014 साली छापलेल्या गणिती अंदाजानुसार पूर्ण गुन्हामुक्तीने या व्यवसायातले एचआयव्हीचे 33 ते 46 टक्के नवे संसर्ग दहा वर्षांत टळू शकतात. कारण साधं आहे. निरोध बाळगणं हाच जिथे पोलिसांच्या लेखी पुरावा ठरतो, तिथे बाई तो जवळ ठेवत नाही.

प्रश्न : वादविवाद स्पर्धेत मला कायदेशीर मान्यतेच्या विरोधात बोलायचं आहे. सर्वांत भक्कम मुद्दे कोणते? (महाविद्यालयीन विद्यार्थी)

संस्कृतीचा मुद्दा घेऊ नकोस. समोरची बाजू ‘मग ती संस्कृती आजवर हे चालवत कशी आली?’ एवढंच विचारेल आणि तुझी वेळ संपेल.

मानवी तस्करीपासून सुरुवात कर. 2013 साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी जवळजवळ 150 देशांची तुलना केली. जिथे वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे तिथे बाहेरून तस्करी करून आणलेल्या माणसांच्या नोंदी सरासरीने जास्त आढळल्या. त्यामागचा तर्क असा, की मान्यता मिळाली की गिऱ्हाईक वाढतं, आणि राजीखुशीने काम करणाऱ्या बायका तितक्या वेगाने वाढत नाहीत. ती खोट दलाल भरून काढतो. पण सावध राहा. तस्करीचे आकडे म्हणजे पकडलेल्या तस्करीचे आकडे. जागरूक पोलीस असलेला देश कागदावर जास्त वाईट दिसतो. आपली आकडेवारी कच्ची आहे हे त्या लेखकांनी स्वतःच नोंदवलं आहे आणि बंदी आणा असा निष्कर्षही त्यांनी काढलेला नाही. प्रतिस्पर्ध्याने तो निबंध वाचला असेल तर तुला तिथे गाठेल, म्हणून ही कबुली तूच आधी देऊन टाक.

दुसरा मुद्दा जर्मनीचा, आणि माझ्या मते हाच तुझा हुकमाचा पत्ता. 2002 चा कायदा म्हणाला, या स्त्रियांना नोकरदाराचे हक्क मिळोत. प्रत्यक्षात नोकरीचा करार फारच थोड्या जणींनी केला. फोफावले ते मोठे कुंटणखाने. ‘एकदाच पैसे भरा, हवं तितकं’ अशा जाहिराती करणारेसुद्धा. 2017 साली सरकारला नवा कायदा करून असल्या योजनांवर बंदी घालावी लागली आणि नोंदणी सक्तीची झाली. 2022 अखेर नोंदणी झालेल्यांचा आकडा 28,280 होता. या व्यवसायात काही लाख जणी असाव्यात असे अंदाज त्याआधी वर्षानुवर्षं छापून येत होते. ते फुगवलेले आहेत असं धरलं तरी फरक केवढा! परवाना मालकांना लाभला आणि बायका अंधारातच राहिल्या, असं तुला म्हणता येईल.

शेवटी तत्त्व. संयुक्त राष्ट्रांच्या 1949 च्या करारनाम्याच्या प्रास्ताविकात वेश्याव्यवसाय माणसाच्या प्रतिष्ठेशी विसंगत आहे असं म्हटलेलं आहे. ते वाक्य शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेव.

प्रश्न : बाईला सोडा, पुरुषाला धरा. स्वीडनचा हा न्याय मला एकदम पटतो. तुम्हाला का पटत नाही? (एक वाचक भगिनी)

ताई, मलाही कित्येक वर्षं पटत होता. विकत घेणारा हा बहुतेक वेळा जास्त ताकदवान असतो, मग शिक्षा त्याला व्हावी, यात न्यायाची एक सरळ ओढ आहे. 2010 साली स्वीडनच्या सरकारी आढाव्याने रस्त्यावरचा व्यवसाय निम्म्यावर आल्याचं सांगितलं. नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स, आयर्लंड त्याच वाटेने गेले. स्वीडनमधला व्यवसाय रस्त्यावरून फोनवर आणि इंटरनेटवर सरकला असेल, असं टीकाकार म्हणतात. त्याच आढाव्याला मात्र तसा पुरावा सापडला नव्हता.

माझं मन बदललं ते कॅनडातल्या एका निकालामुळे. व्हँकूव्हरच्या एका गरीब वस्तीतून वर्षानुवर्षं बायका नाहीशा होत होत्या. त्यांतल्या अनेक जणी रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या. रॉबर्ट पिक्टन नावाच्या डुक्करपालकाला 2007 साली सहा खुनांसाठी शिक्षा झाली. त्या काळी तिथे सार्वजनिक जागी सौद्याची बोलणी करणं गुन्हा होता. त्यामुळे गाडी थांबली की बाई चटकन आत बसायची, पोलीस दिसण्याआधी. आत कोण आहे, प्यायलेला आहे का, मागच्या सीटवर कुणी लपलंय का, हे न्याहाळायला जे अर्धं मिनिट लागतं तेवढंही कायदा तिला देत नव्हता. 2013 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही आणि आणखी दोन कलमं रद्द केली.

आता स्वीडनच्या कायद्यात घाई कुणाला असते? गिऱ्हाइकाला. पकडला जाईल तो. पण त्याची घाई ही तिचीच घाई होते, कारण पैसे त्याच्या खिशात आहेत. तो नाव सांगत नाही, आडोशाला चल म्हणतो, आणि ती पारखायला थांबली तर पुढे निघून जातो. नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये तर पोलिसांनी घरमालकांना ‘तुमच्यावर दलालीचा गुन्हा लावू’ असा दम देऊन या बायकांना घराबाहेर काढायला लावलं. त्या मोहिमेचं नावच होतं ‘बेघर’. शिक्षा तिला नाही, हे कागदावर खरंच होतं.

तुमच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. फ्रान्सच्या 2016 च्या कायद्याविरुद्ध या व्यवसायातले 261 जण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 2024 साली हरले. एवढ्या नाजूक प्रश्नावर प्रत्येक देशाला आपली वाट निवडायला मोकळीक असावी, असा न्यायालयाचा रोख होता. कॅनडाच्या संसदेनेही 2014 साली पुन्हा गिऱ्हाइकालाच गुन्हेगार केलं. म्हणजे वाद मिटलेला नाही.

प्रश्न : या बायका आहेत म्हणून बाकीच्या लेकीबाळी सुखरूप आहेत, हे खरं आहे ना?

(नाव कळवलेलं नाही.) हे वाक्य बोलणाऱ्याने एकदा स्वतःशी सावकाश म्हणून पाहावं. बलात्कार कुणावर तरी होणारच, तर तो ‘त्यांच्यावर’ होऊ द्या, असा त्याचा अर्थ निघतो. र्‍होड आयलंडच्या अभ्यासात बलात्काराच्या नोंदी घटलेल्याही दिसल्या होत्या, ते लपवत नाही. पण एका छोट्या राज्यातल्या काही वर्षांवर एवढा मोठा सिद्धान्त उभा राहत नाही, आणि उभा राहिला तरी एका बाईला दुसरीची ढाल करणं मला मान्य नाही.

प्रश्न : करातून सरकारला किती उत्पन्न मिळेल?

मिळेल थोडंफार. पण केवळ कर हवा म्हणून कायदा करणारं सरकार उद्या धंदा कमी व्हावा असं कशाला म्हणेल?

प्रश्न : पोटासाठी शरीर विकावं लागतं, त्याला ‘राजीखुशी’ म्हणणं ही थट्टा नाही का? (एक सामाजिक कार्यकर्ती)

हा सगळ्यांत अवघड प्रश्न, म्हणून शेवटी ठेवला.

कायद्यात एक रेघ आधीच आहे. तस्करीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या पालेर्मो पूरक करारानुसार बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. वय 18 च्या खाली असेल तर हे काही सिद्धही करावं लागत नाही. या रेघेच्या अलीकडे कुणीही शहाणा माणूस मान्यता मागत नाही.

तुम्ही विचारता आहात ते रेघेच्या पलीकडच्या बाईबद्दल. तिला कुणी कोंडलेलं नाही, पण तिच्यापुढचे सगळे पर्याय वाईट आहेत. गरिबी म्हणजेच बळजबरी म्हटलं, तर खाणीत उतरणाऱ्या मजुराची संमतीही गेली, असं उत्तर दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. शरीरसंबंध हे इतर श्रमांसारखे नाहीत. नको असताना खाण खणणं आणि नको असताना स्पर्श सोसणं यांत फरक आहे. म्हणूनच मी मजुरीच्या दरापेक्षा नकाराच्या हक्काकडे आधी बघते. न्यूझीलंडच्या कायद्यात सौदा ठरल्यावरही कुठल्याही क्षणी नाही म्हणता येतं. हे काम करायला नकार दिला म्हणून कुणाचा सरकारी भत्ता बंद करता येत नाही. 2014 साली तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने कुंटणखान्याच्या मालकाने लैंगिक छळ केल्याबद्दल तिथे काम करणारीला 25,000 डॉलर भरपाई दिली. धंदाच हा, मग छळ कसला, हा बचाव तिथे चालला नाही.

बेल्जियमने डिसेंबर 2024 पासून या व्यवसायात नोकरीचा करार, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा आणि निवृत्तिवेतन आणलं. नकाराचा हक्कही दिला. पण सहा महिन्यांत दहाहून जास्त वेळा नकार दिला, तर सरकारी मध्यस्थाला बोलावता येईल, असं कलम घातलं. ज्या कामात ‘नाही’ची मोजदाद ठेवावी लागते ते काम इतरांसारखं कसं, असा टोला विरोधकांनी लगावला. त्याला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही.

तरी मत विचाराल तर, बाईवरचे सगळे गुन्हे काढा, चौघी-पाचजणींना मालकाशिवाय एकत्र राहून काम करू द्या, आणि मोठ्या कुंटणखान्यांच्या परवान्याची मात्र घाई करू नका. न्यूझीलंड याच्या सर्वांत जवळ जातं. पण त्याच कायद्याचं 19 वं कलम म्हणतं, की तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने हे काम केलं तर तिला देशाबाहेर काढता येईल. पहिल्या उत्तरातला, पोलिसांत बिनधास्त जाण्याचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला तर तिचं उत्तर आजही ‘नाही’च येतं, आणि दलालाला हे तिच्याआधी ठाऊक असतं.