पावसाळ्यात ऊन नाही, पानांचं रिफ्लेक्टन्स, म्हणजे पान किती उजेड परत फेकतं ते, खोलीत हॅलोजनखाली मोजलं तर चालेल का? की साधा एलईडी लावू?

चालतं. आणि 'दिव्याखालचा डेटा खोटा' असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी नाशिककडची द्राक्षाची पानं घेत होते. जुलै, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरची भरलेली पानं, आणि आठवडा आठवडा ऊन नाही. मग काळे पडदे लावलेली खोली, स्टँडवर हॅलोजन, खाली पान, वर स्पेक्ट्रोरेडिओमीटरचा, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा उजेड वेगळा मोजणाऱ्या यंत्राचा, फायबर. पहिलं रीडिंग इतकं सुंदर यायचं, उन्हात १४०० आणि १९०० नॅनोमीटरजवळ हवेतली वाफच उजेड खाऊन टाकते, तिथे नुसता नॉइज मिळतो, इथे मात्र स्वच्छ रेघ. पण त्याच पानाचं पाचवं-सहावं रीडिंग वर सरकलेलं असायचं. गाईड म्हणाले, दिव्याचं असंच असतं, टाकून दे, ऊन पडलं की घेऊ. अख्ख्या महिन्याचं काम गेलं. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली, ती पानंच राहिली नाहीत.

नंतर एकटीने बसून एकच पान दिव्याखाली ठेवलं, दर मिनिटाला रीडिंग. १४५० नॅनोमीटरजवळ पानातलं पाणी उजेड शोषतं म्हणून रेघेत पडणारा खड्डा बघता बघता उथळ होत गेला, पानाच्या कडा वर वळल्या, हात लावला तर पान गरम. दिव्याचा काय दोष? पान आम्हीच सुकवत होतो! सरांना ग्राफ दाखवला, त्यांनी बघितला आणि विषय बदलला.

तर दिवा अर्धा तास आधी लावा, मध्ये बंद करू नका, रीडिंग झालं की पान बाजूला काढा. सप्लाय स्टेबल डीसीच घ्या, मेन्सवरचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. तुलनेसाठी मोजायचं पांढरं पॅनल आणि पान एकाच उंचीवर हवं, अंतर ५० सेंटिमीटरचं ४५ झालं तरी उजेड जवळपास २३ टक्क्यांनी वाढतो. पांढरा एलईडी विसरा, त्यात निअर इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडचा न दिसणारा उजेड, जवळजवळ नसतोच.

हां, हे आकडे थेट ड्रोनच्या फोटोला लावू नका, शेतात माती, सावली, आभाळाचा पसरलेला उजेड सगळंच मिसळतं. पण एका पानातलं पाणी बघायचं असेल तर बाहेर लख्ख ऊन असलं तरी मी आजही पडदे ओढून दिवाच लावते.