हिवाळ्यात चिंक्वे तेर्रेला निघण्याआधी

प्रिय,

मिलानमधल्या परीक्षा संपल्या की चिंक्वे तेर्रेला, म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या पाच गावांना, जायचं ठरवलं आहेस आणि त्यांतल्या व्हेर्नात्साच्या बंदरावरची खोली स्वस्तात मिळतेय, ती घ्यावी का, असं विचारलं आहेस. माझं मत: घेऊ नकोस. मुक्काम शेजारच्या ला स्पेत्सिया शहरात ठेव आणि पाचही गावं दिवसा बघ.

कारण हिवाळ्यातला दिवस तिथे कुठेही छान जातो, अडचण संध्याकाळी येते. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, फेब्रुवारीअखेरीस सहाच्या आसपास. व्हेर्नात्सासारख्या गावात त्यानंतर एखाददुसरं उपाहारगृह उघडं असतं, तेही आठवड्यातून दोन दिवस बंद राहू शकतं. ला स्पेत्सिया मात्र आरमाराचं आणि गोदीचं शहर आहे. पर्यटक नसले तरी तिथली दुकानं, बाजार, खानावळी चालू राहतात. तिथून पाचांतलं पहिलं गाव रिओमाज्जोरे आगगाडीनं दहा मिनिटांच्या आत येतं. समुद्राजवळच राहायचं असेल तर लेव्हांतो बघ. तिथे वर्षभर वस्ती असते.

खोली कुठेही घे, पण पैसे भरण्याआधी हीटरचं लेखी विचार. इटलीत हवामानानुसार ए ते एफ असे सहा पट्टे पाडलेले आहेत आणि घर कधी, किती तास गरम करायचं हे पट्ट्यावर ठरतं. ला स्पेत्सिया, जेनोवा, लुक्का ‘डी’ पट्ट्यात येतात: 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त 12 तास, तापमान 20 अंशांच्या आसपास. म्हणजे ऑक्टोबरअखेरीस थंडी पडली तरी बहुतेक इमारतींतलं हीटर बंदच असतं. शिवाय गावातल्या जाड दगडी भिंतींची घरं महिनाभर रिकामी राहिली की ओल धरतात, आणि तुझा एका रात्रीचा मुक्काम संपेपर्यंत ती तापतही नाहीत. म्हणून मालकाला दोन गोष्टी विचार: हीटर कोणत्या तासांत चालतं, आणि मी येण्याच्या आदल्या दिवशी ते सुरू कराल का. तिसरा प्रश्न पायऱ्यांचा. चाकांची बॅग या गावांत निरुपयोगी आहे, पाठीवरची घे. कोर्नील्याचं स्थानक तर समुद्रालगत खाली आणि गाव वर, मध्ये 380च्या आसपास पायऱ्या.

आता तारखा. ‘बिगरहंगाम’ म्हणून सगळे महिने एकत्र धरू नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबर इथे सर्वांत पावसाळी. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्यालाच खेटून उभ्या असलेल्या डोंगरांवर आदळते आणि अरुंद ओढ्यांतून काही तासांत प्रचंड पाणी खाली येतं. 25 ऑक्टोबर 2011 रोजी व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो याच पाण्यानं आणि चिखलानं गाडले गेले, माणसं दगावली. 6 जानेवारीचा सण उरकला की बरीच हॉटेलं ‘किउझो पेर फेरिये’ (सुट्टीसाठी बंद) अशी पाटी लावून बंद होतात. मला विचारशील तर मार्चचे पहिले दहा-बारा दिवस उत्तम. दिवस मोठा झालेला असतो, दुकानं उघडू लागतात, आणि गावागावांतल्या गाड्यांचे हंगामी चढे दर अजून लागू झालेले नसतात.

पायवाटांबद्दल नीट वाच. मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा साधारण साडेतीन किलोमीटर आहे, पण वेळ दोन तास धर. सुरुवात मोंतेरोस्सोकडून कर. त्या बाजूला दगडी पायऱ्यांची लांबलचक रांग आहे. ओल्या पायऱ्या चढणं दमवतं, पण उतरताना पाय घसरतो. दुपारी एकनंतर हिवाळ्यात ही वाट धरू नकोस. खाचदार तळव्याचे बूट हवेतच. उघड्या चपला-सँडल घालून वाटेवर जायला बंदी आहे आणि दंडही होतो. हवामानाचा नारिंगी किंवा लाल इशारा लागला की वाटा बंद होतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी लिगुरियाचा इशारा आणि राष्ट्रीय उद्यानाची सूचना दोन्ही बघ. रिओमाज्जोरे–मानारोलामधली ‘व्हिया देल्ल’आमोरे’ ही पायवाट 2012च्या दरडीनंतर बंद होती, 2024मध्ये उघडली. तिथे वेळ आरक्षित करून जावं लागतं. वाटा बंद असतील तर लेव्हांतो ते फ्रामुरा हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सपाट रस्ता चाल किंवा भाड्याच्या सायकलनं कर. बराचसा बोगद्यांतून जातो, त्यामुळे रिमझिमीत त्रास होत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. वाऱ्यात छत्री टिकत नाही.

गाड्यांचं थोडक्यात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड बसतो. सगळ्या गाड्या पाचही गावांत थांबत नाहीत, थांब्यांची यादी वाचून बस. तुझा डबा बोगद्याच्या अंधारात थांबला तरी तेच स्थानक असू शकतं. दार उघडून उतर, नाहीतर पुढच्या गावी पोचशील. बोटी हिवाळ्यात बंद असतात, म्हणून पोर्तोव्हेनेरेला ला स्पेत्सियाहून बसनं जा. बसची तिकिटं तबाक्केरियात, म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानांत, मिळतात. रविवारी ती दुकानं बंद सापडतात, शनिवारीच परतीचंही घेऊन ठेव.

जेवणाच्या वेळा कडक: दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. तू शाकाहारी असशील तर हा प्रदेश फार सोयीचा आहे. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं, आपल्या बेसनाच्या पोळ्याचं जाड, कुरकुरीत भावंडच. ला स्पेत्सियाचं मेश्चुआ हे हरभरे, पांढरा घेवडा आणि गहू वेगवेगळे शिजवून एकत्र केलेलं सूप. गारठ्यात त्यासारखं दुसरं काही नाही. पेस्टोत, म्हणजे तुळशीसारख्या बेसिल पानांच्या चटणीत, मात्र पार्मिजानो चीज असतं आणि ते वासराच्या रेनेटनं (जठरातल्या विरजणानं) बनतं, हे माहीत असू दे. फोकाच्चा या जाड पावावर किंवा पिझ्झावर आच्चुगे, म्हणजे छोटे खारे मासे, नाहीत ना हे विचारून घे.

एक दिवस लुक्कासाठी राख, व्हियारेज्जोला गाडी बदलून जाता येतं. सोमवारी नको, बरीच संग्रहालयं बंद असतात. शहराभोवतीच्या चार किलोमीटरच्या तटावरून पूर्ण फेरी मार. ती फुकट आहे आणि तासाभरात होते. चर्च दुपारी बंद असतात, ती सकाळी बघ.

तारखा पक्क्या करण्याआधी संपांची यादी तपास. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, त्यांत बसव आपला दिवस. तारखा ठरल्या की खोलीमालकाचं हीटरबद्दलचं उत्तर मला पाठव, मग पैसे भर.

सस्नेह